साक्षीदार वृक्ष

मराठी वाचकाला 'ओक' हा शब्द प्रथम भेटतो तो आडनाव म्हणून, आणि पुढे इंग्रजी कादंबऱ्या हाती घेण्याचे वय झाल्यावर एका भव्य परंतु धूसर अशा वृक्षाचे नाव म्हणून, ज्याची पाने कशी, फळ कसे, साल खरखरीत की गुळगुळीत, याविषयी कादंबरीकार सहसा मौन पाळतो आणि वाचकही विचारण्याची तसदी घेत नाही. कोकणातून आलेल्या ओक घराण्यांचा या वृक्षाशी काडीइतकाही संबंध नाही, हे प्रारंभीच नमूद करून ठेवतो, कारण केवळ नादसाम्यावर व्युत्पत्तीचे इमले उभारण्याची हौस आपल्याकडे पुष्कळांना आहे. सह्याद्रीच्या अरण्यांत हा वृक्ष स्वभावतः उगवत नाही. हिमालयात मात्र त्याच्या भाऊबंदांचा मोठा गोतावळा असून, कुमाऊँ-गढवालकडे गेलेल्या यात्रेकरूंनी ज्याच्या पाल्याचे भारे वाहून नेणाऱ्या पहाडी स्त्रिया पाहिल्या असतील, तो 'बांज' हा ओकच होय.

या वंशाचे खरे साम्राज्य उत्तर अमेरिकेत आहे. एकट्या मेक्सिकोत त्याच्या दीडशेंहून अधिक जाती नांदतात आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे ९०. आणि इतक्या जाती एकाच मुलुखात शेजारी शेजारी राहू लागल्या म्हणजे जे व्हायचे तेच तेथे झाले आहे: सोयरिकी जुळल्या, संकर निपजले, आणि 'हा अमुकच ओक' असे छातीठोकपणे सांगणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञावरही, दोन पावले मागे येऊन पुन्हा एकवार वर पाहण्याची पाळी आली. ओक ओळखणे हा मामला त्यामुळे न्यायालयातील साक्षीपुराव्यासारखा चालवावा लागतो. पान एक जबानी देते, डहाळी दुसरी, फळ तिसरी. यांतला कोणता साक्षीदार भरवशाचा आणि कोणता परिस्थिती पाहून बोलणे फिरवणारा, हे ज्याला कळले, त्याने निम्मी विद्या हस्तगत केली.

या प्रकरणात मी 'बर ओक' या एकाच जातीची कैफियत मांडणार आहे. कॅनडातील न्यू ब्रन्सविकपासून मॅनिटोबा-सस्कॅचवानपर्यंत, आणि तेथून खाली नेब्रास्का, आयोवा, इलिनॉय, मिसुरी ओलांडून थेट टेक्ससच्या सखल प्रदेशापर्यंत पसरलेला हा वृक्ष, अमेरिकेतील ओकांमध्ये सर्वांत उत्तरेकडे जाऊन वस्ती करणाऱ्यांपैकी आहे; मॅनिटोबात तर त्याच्यावाचून दुसरा देशी ओकच नाही. जमीन सकस आणि खोल असेल तेथे तो ८० ते १०० फूट उंच होतो, त्याचा पसाराही जवळजवळ तितकाच होतो, आणि दोन-तीनशे वर्षे जगणे ही त्याच्या घराण्यातील साधारण रीत आहे. उलटपक्षी उत्तरेच्या थंड, उथळ मातीत तोच वृक्ष वाकडातिकडा, ठेंगणा, संधिवाताने आखडलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. दोन्ही एकाच जातीचे आहेत यावर नवख्याचा विश्वास बसत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

त्याचे शास्त्रीय नामकरण आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने केले. जहाजबांधणीपायी फ्रान्समधील अरण्ये ओसाड होत चालली होती, म्हणून अमेरिकेतून उपयुक्त वृक्षांची बीजे व रोपे धाडावीत या कामगिरीवर सोळाव्या लुईच्या सरकारने १७८५ साली त्याला मुकरर केले. पुढे तो राजाही राहिला नाही आणि मिशोचा पगारही राहिला नाही, परंतु हा गृहस्थ आपल्या पदरचे खर्चून रानोमाळ हिंडतच राहिला, आणि १७९६ साली परतताना हॉलंडच्या किनाऱ्यावर त्याचे जहाज फुटले तेव्हाही त्याच्या संग्रहाचा बराचसा भाग बचावला. १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ओकवृक्षांवरील त्याच्या ग्रंथात या जातीला 'क्वेर्कस मॅक्रोकार्पा' हे नाव मिळाले. उत्तरपदाचा ग्रीक अर्थ 'मोठ्या फळाचा'. इंग्रजीतील 'बर' म्हणजे आपल्या गोखरूसारखे काटेरी बोंड. या ओकच्या फळाच्या वाटीला काठाशी तंतूंची दाट झालर असते, तिच्यावरून हे नाव पडले असले, तरी ती झालर हाताला मऊच लागते, टोचत नाही.

आता साक्षीदार एकेक करून उभे करू.

पहिला प्रश्न घराण्याचा. अमेरिकन ओकांची दोन मोठी घराणी सामान्य माणसालाही ओळखता यावीत अशी आहेत: तांबड्या ओकच्या घराण्यात पानाच्या प्रत्येक खंडाच्या टोकाला केसासारखे बारीक कूस असते, तर पांढऱ्या ओकच्या घराण्यात ते टोक बोटाच्या अग्रासारखे गोलसर व निःशस्त्र असते. तांबड्यांची फळे पिकायला दोन उन्हाळे लागतात, पांढऱ्यांची एकाच हंगामात पिकून गळतात. पांढऱ्यांच्या लाकडातील रसवाहिन्या कालांतराने फुगीर पेशींनी बुजून जातात, म्हणून त्यांच्या पिंपातून मद्य झिरपत नाही. तांबड्या ओकचे पीप मात्र गळके ठरते, आणि हा भेद पिंपे करणाऱ्या कारागिरांना सूक्ष्मदर्शकावाचून पक्का ठाऊक होता. बर ओक हा पांढऱ्या घराण्यातला, एवढे कळले की अर्धी गर्दी न्यायालयाबाहेर जाते.

मग पान. नमुन्यादाखल पुस्तकात छापलेले बर ओकचे पान सहा ते बारा इंच लांब असते, आणि त्याचा आकार सारंगीसारखा असतो: खालचा भाग खोल खाचांनी कातरलेला, मध्यावर दोन्ही बाजूंनी दोन खाचा मधल्या शिरेपर्यंत जवळजवळ भिडलेल्या, त्यामुळे बारीक झालेली कंबर, आणि तिच्यावर एकदम रुंदावलेला, काठाशी केवळ लहरी असलेला माथा. असे पान हाती आले म्हणजे निकाल सोपा. परंतु ते हाती येतेच असे नाही. माथ्यावरच्या कडक उन्हातले पान आणि खालच्या सावलीतले पान एकाच झाडाची असूनही सख्खी भावंडे वाटू नयेत इतकी वेगळी असतात. कोवळ्या रोपाची पाने तर कोणत्याच नमुन्याला जुमानत नाहीत. पान हा बोलका साक्षीदार आहे, पण उलटतपासणीत टिकणारा नव्हे. त्याच्याकडून घेण्यासारखी एकच गोष्ट अधिक विश्वासाची, ती म्हणजे पानाची पाठ: ती फिकट, करडी आणि बारीक लवेने मखमली असते, आणि खऱ्या पांढऱ्या ओकच्या पिकल्या पानाची पाठ फिकट असली तरी तुळतुळीत असते. शरदात पांढरा ओक द्राक्षासवासारखा लालजांभळा होतो. बर ओक मात्र मळकट पिवळा होऊन गुपचूप तपकिरी होतो. शरदाचे रंग पाहायला निघालेले प्रवासी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, याचे मला मनातून बरे वाटते.

माझ्या मते सर्वांत सच्चा साक्षीदार म्हणजे डहाळी. बर ओकची डहाळी जाडजूड असते, तिच्या शेंड्याशी सर्व ओकांप्रमाणे कलिकांचा झुबका असतो, परंतु दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून तिच्या अंगावर बुचाचे उभे कंगोरे उठू लागतात, आणि ते इतके ठसठशीत असतात की डोळे मिटून नुसता अंगठा फिरवला तरी कळावे. मध्यपश्चिमेतील त्याच्या जवळच्या शेजाऱ्यांपैकी, ज्यांच्याशी गल्लत होण्याचा संभव अधिक, त्यांच्या डहाळ्यांवर असे कंगोरे उठत नाहीत. शिवाय डहाळी बारमाही साक्ष देते. पाने गळून गेल्यावर, बर्फात उभे राहूनही तिची जबानी घेता येते. खोडाची साल खोल उभ्या भेगांची, जाड, काळपट करडी. पांढऱ्या ओकची त्या मानाने फिकट, राखाडी, सैल पापुद्र्यांची.

फळाचा पुरावा निर्णायक असतो, फक्त तो हंगामापुरता. उन्हाळा सरता सरता झाडाखाली पडणारी ही टणक कवचाची फळे, ज्यांना तिकडे 'एकॉर्न' म्हणतात, दक्षिणेकडे दोन इंचांपर्यंत मोठी होतात, उत्तरेकडे जेमतेम बोराएवढी राहतात. परंतु आकार कसाही असो, निम्मे किंवा त्याहूनही अधिक फळ पोटात घेणारी खोल, खवलेदार वाटी आणि तिच्या काठाची ती झालर, ही जोडी पाहिली की शंकेला जागा उरत नाही. दलदली पांढरा ओक नावाचा त्याचा शेजारी ओल्या जमिनीत त्याच्याबरोबर उगवतो, पण त्याचे फळ लांब देठावर लोंबते. दक्षिणेकडील 'ओव्हरकप' नावाच्या ओकची वाटी तर जवळजवळ सगळेच फळ गिळते, मात्र तिला झालर नसते. उरले संकर. बर ओक आणि पांढरा ओक यांची संतती सर्रास आढळते, बर आणि दलदली पांढरा यांचीही. दोघांची लक्षणे अर्धीअर्धी घेऊन उभे असलेले असे झाड समोर आले, तर 'संकर' असा शेरा मारून पुढे जावे, त्यात कमीपणा मानू नये.

येथवर साल आणि बूच यांचा उल्लेख केवळ ओळखीच्या खुणा म्हणून केला. वस्तुतः त्या खुणांच्या मागे मोठा इतिहास आहे. मिसिसिपीच्या दोन्ही अंगांना पसरलेला प्रेअरी हा उंच गवताचा प्रदेश शतकानुशतके वणव्यांच्या अंमलाखाली होता. काही वणवे विजेने पेटत, पुष्कळसे तेथील मूळ रहिवासी शिकारीसाठी आणि गुरासारख्या चरणाऱ्या रानजनावरांना कोवळे गवत मिळावे म्हणून मुद्दाम पेटवीत; आणि पूर्वेकडून पुढे सरकू पाहणारे अरण्य या आगीच्या हद्दीवर येऊन थबके. मॅपल आणि बास्‌वुड यांसारखे पातळ सालीचे वृक्ष जळून जात. बर ओक टिकून राही, कारण त्याने आपल्या खोडालाच नव्हे तर बारीक डहाळ्यांनाही बुचाचे चिलखत घातलेले होते. म्हणून गवताळ प्रदेश आणि दाट अरण्य यांच्यामध्ये एक विलक्षण सरहद्द निर्माण झाली: गुडघाभर, कमरभर गवत आणि त्यात एकमेकांपासून अंतर राखून उभे असलेले, आडव्या फांद्या ऐसपैस पसरलेले ओक. प्रारंभीच्या वसाहतवाल्यांना ते दृश्य एखाद्या सरदाराच्या राखलेल्या उपवनासारखे वाटले. त्यांनी त्याला 'ओक ओपनिंग' असे नाव दिले.

ज्या रोपाला चिलखत चढण्यापूर्वीच आगीने गाठले, त्याचेही सर्वस्व नष्ट होत नसे. वरचा कोंब जळे. जमिनीखालचे खोड जिवंत राही आणि पुढल्या वसंतात पुन्हा फुटे. वर्षानुवर्षे असे जळत आणि फुटत राहिलेल्या मुळांचे मोठमोठे गड्डे गवताखाली दडलेले असत आणि वरून पाहणाऱ्याला तेथे वीतभर उंचीच्या किरकोळ झुडपांपलीकडे काही दिसत नसे. नांगर घालणाऱ्या शेतकऱ्यांनी या गड्ड्यांना मनसोक्त शिव्या दिल्या असतील यात शंका नाही, कारण ते खणून काढण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. पुढे शेते झाली, रस्ते झाले, वणवे थांबले. आणि मग जेथे नांगर पोचला नाही तेथे त्या दबून राहिलेल्या मुळांनी एकाच पिढीच्या अवधीत गच्च रान उभे केले. आग थांबल्यामुळे अरण्य वाढले आणि अरण्य वाढल्यामुळे ओक ओपनिंग बुजून गेले, असा तो उफराटा न्याय आहे. आज त्या उपवनांचा अत्यल्प अंशच शिल्लक असून तोही राखायचा तर माणसांना तेथे ठरावीक मुदतीने, बंदोबस्तात, पुन्हा आग लावावी लागते.

हे सगळे आपल्याला कसे कळले, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर सरकारी दप्तरात आहे. १७८५ च्या कायद्यान्वये संयुक्त संस्थानांच्या सरकारने पश्चिमेकडील जमीन विकण्यापूर्वी तिची मोजणी करण्याचा हुकूम काढला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन, त्यांत प्रत्येकी एक चौरस मैलाचे ३६ तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यावर एक खूण. मोजणीदारांच्या हातात ६६ फुटी साखळी असे, एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी. आपल्याकडील ३३ फुटी साखळी, जिच्या एका चौरसाला आपण गुंठा म्हणतो आणि ज्याच्या चाळीस पटीला एकर, ती बरोबर तिच्या निम्मी, हे लक्षात घेतले म्हणजे महाराष्ट्रातील सातबारा आणि विस्कॉन्सिनमधील शेताचा नकाशा यांचे माप एकाच गोताचे आहे हे कळते. आता कोपऱ्यावर ठोकलेला खुंट उद्या कोणी उपटला तर? म्हणून मोजणीदाराने जवळची झाडे निवडून त्यांवर खूण कोरायची, आणि वहीत त्यांची जात, खोडाची जाडी, कोपऱ्यापासूनची दिशा व अंतर नोंदवायचे, असा नियम होता. या झाडांना 'साक्षीदार वृक्ष' म्हणत. जुन्या मराठी सनदांत व खरेदीखतांत चतुःसीमा सांगताना चिंच, वड किंवा एखादा ओढा यांचा हवाला देत, त्याच जातीची ही व्यवस्था.

विस्कॉन्सिनमध्ये हे काम १८३२ ते १८६६ या काळात झाले. ज्या माणसांना वनस्पतिशास्त्राशी काही कर्तव्य नव्हते, ज्यांना डास चावत होते आणि मजुरी मैलावर मिळत होती, त्यांनी नकळत एका अफाट प्रदेशाच्या वृक्षसंपदेची खानेसुमारी करून ठेवली. दाट अरण्यात साक्षीदार वृक्ष कोपऱ्यापासून पाच-दहा पावलांवर सापडे. ओक ओपनिंगमध्ये त्यासाठी पुष्कळ चालावे लागे. उघड्या प्रेअरीत झाडच नसल्यामुळे मातीचा ढिगारा रचून त्यात खुंट पुरावा लागे. पुढे संशोधकांनी त्याच अंतरांवरून हिशेब मांडून, जंगल कोठे किती घन होते याचे नकाशे तयार केले, आणि जॉन कर्टिस यांच्या विस्कॉन्सिनच्या वनस्पतिजीवनावरील १९५९ सालच्या ग्रंथात या नोंदींचा मोठा आधार घेतलेला आहे. अर्थात हे साक्षीदारही सर्वस्वी निःपक्षपाती नव्हते. मोजणीदार जवळचे झाड सोडून कधी कधी खूण कोरायला सोयीचे, दीर्घकाळ टिकेलसे झाड निवडीत, आणि ही सवलत त्यांनी कितपत घेतली यावर अभ्यासकांचे वाद झडलेले आहेत.

त्याच विस्कॉन्सिनमध्ये, नदीकाठचे एक निकस झालेले शेत आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ साली विकत घेतले आणि तेथील अनुभवांतून जे पुस्तक सिद्ध झाले, त्यात बर ओक आणि वणवे यांच्या या युद्धाचे वर्णन आहे. १९४८ च्या एप्रिलात शेजाऱ्याच्या रानातील गवताला आग लागली; ती विझवायला धावलेले लिओपोल्ड तेथेच हृदयविकाराने गेले, आणि पुस्तक पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले.

आता लागवडीकडे वळू. आणि येथे आपल्याकडील शेतकऱ्याची पहिली सवयच घातक ठरते. ज्वारी, तूर, हरभरा यांचे बी आपण उन्हात खडखडीत वाळवून ठेवतो. ओकचे बी वाळले की मेले. ते आंब्याच्या कोयीच्या, फणसाच्या आठळीच्या जातीचे. अंगची ओल टिकली तरच त्यात जीव टिकतो. म्हणून फळ पडल्यापासून ते मातीत जाईपर्यंत त्याला ओलसर आणि थंड ठेवले पाहिजे, फार तर ओलसर भुसा घालून पिशवीत, शीतकपाटाच्या खालच्या खणात. सर्वांत आधी पडलेली फळे बहुधा किडकी असतात, ती उचलण्याचा लोभ आवरावा. लांब सोंडेचा एक भुंगा, त्याच्या मादीने कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडी घातलेली असतात. अळी गर खाऊन माजते आणि गिरमिटाने पाडावे तसे वाटोळे छिद्र करून बाहेर पडते. असे छिद्र दिसले की फळ फेकावे. बाकीची वाटीतून सोडवून बादलीभर पाण्यात टाकावीत: बुडतील ती ठेवावीत, तरंगतील ती बहुतांशी पोकळ किंवा किडकी समजावीत.

दुसरा प्रतिस्पर्धी खार. करड्या खारींचे या बाबतीतले चातुर्य पाहून माणसाने टोपी काढावी. तांबड्या घराण्यातील फळे हिवाळाभर सुप्त राहतात, म्हणून ती पुरून ठेवायला सोयीची. पांढऱ्या घराण्यातील फळे मात्र पडताच रुजू लागतात आणि साठवणीचा गर मुळात खर्ची पडतो. म्हणून खार पांढऱ्या घराण्यातील फळ बहुधा तेथल्या तेथे खाऊन टाकते. आणि पुरायचेच झाले तर आधी त्याच्या टोकाशी दातांनी कुरतडून आतला अंकुर काढून टाकते, म्हणजे ते रुजण्याची बातच नको. तिच्या तावडीतून बी वाचवायचे तर वाफ्यावर बारीक तारेची जाळी अंथरून तिच्या कडा मातीत दाबाव्यात. नुसते दगड ठेवून भागत नाही.

पेरणी शरदातच करावी. फळ आडवे निजवून त्यावर इंच-दीड इंच माती लोटावी. दक्षिणेकडील बियांना त्याच महिन्यात मूळ फुटते, उत्तरेकडील काही बिया थंडीचा काळ ओलांडून वसंतात जाग्या होतात. दोन्ही व्यवहार त्यांच्या जन्मभूमीच्या हवामानाला धरून असतात, म्हणून बी होईल तितके जवळपासच्या झाडाचे घ्यावे, टेक्ससचे गलेलठ्ठ फळ पाहून मिनेसोटात पेरण्याचा मोह धरू नये. मूळ आधी, कोंब मागाहून, हा या वृक्षाचा आयुष्यभराचा क्रम आहे. बीजदले मातीतच राहतात, त्यांतील शिधा सोटमुळाला पुरवला जातो, आणि वर जेमतेम वीतभर काडी व चार पाने दिसत असताना खाली पहिल्याच हंगामात ते मूळ साडेचार फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. नेब्रास्का विद्यापीठातील जॉन वीव्हर यांनी एका सहकाऱ्यासह ६५ वर्षांच्या एका बर ओकची मुळे खणून मोजली आणि १९३२ साली ती माहिती प्रसिद्ध केली. सोटमूळ १४ फूट खोल आणि बाजूची मुळे काही ठिकाणी ६० फुटांपर्यंत पसरलेली आढळली. एखादे झाड इतक्या मेहनतीने उकरण्याला कोणी वेड म्हणेल, पण वणव्यानंतर पुन्हा फुटणारे ते गड्डे आणि दुष्काळात हिरवा राहणारा तो माथा यांचा उलगडा त्या खड्ड्यातच झाला.

यावरून लागवडीचा मुख्य नियम आपोआप निघतो: बी शक्यतो कायमच्या जागीच पेरावे. उथळ कुंडीत सोटमूळ तळाशी पोचते, वाट न मिळाल्याने वेटोळे घालते, आणि ते वेटोळे पुढे कितीही वर्षे जमिनीत राहिले तरी सुटत नाही. रोपवाटिकेतच वाढवायचे तर हातभर उंचीची, तळ उघडा असलेली नळकांडी घ्यावी व ती जाळीच्या मांडवावर ठेवावी, म्हणजे मुळाचे टोक हवेला येऊन आपोआप थांबते आणि बाजूला नवी मुळे फुटतात. पुरुषभर उंचीचे झाड विकत आणून ताबडतोब सावली मिळवण्याची घाई असलेल्या माणसाने दुसरा वृक्ष निवडावा. मातीविषयी मात्र हा ओक मुळीच चोखंदळ नाही. चिकणमाती, चुनखडीची जमीन, कोरडा उतार, शहराची धूळ, सारे त्याला चालते. सावली तेवढी चालत नाही. पहिली काही वर्षे भोवतीचे गवत काढून पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, तेही खोडाला न टेकवता, कारण त्या उबेला उंदीर येऊन साल कुरतडतात. आणि सशांपासून व हरणांपासून राखण्यासाठी तारेचे कडे उभारावे.

छाटणीची बाब अधिक नाजूक आहे. १९४० नंतरच्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये ओकच्या मर रोगाचे निदान झाले. ही एक बुरशी आहे; ती रसवाहिन्या बुजवते, शेजारच्या झाडांच्या एकमेकांत मिसळलेल्या मुळांतून पसरते, आणि वसंतात ताज्या जखमेच्या वासाने येणाऱ्या बारीक भुंगेऱ्यांच्या अंगावरून नव्या झाडात शिरते. तांबड्या घराण्यातील वृक्ष तिने काही आठवड्यांत मरतो, बर ओक पुष्कळ काळ झुंजतो. एप्रिल ते जुलै या काळात ओकला कोयता लावू नये; कापायचे ते भर हिवाळ्यात कापावे. याखेरीज आयोवा, मिनेसोटा या बाजूला अलीकडे बर ओकच्याच पानांवर एक करपा दिसू लागला आहे, ज्यात उन्हाळ्याच्या अखेरीस शिरा काळवंडतात आणि पाने पाचरीच्या आकारात तपकिरी होतात. त्याने झाड एका वर्षात मरत नाही, पण वर्षानुवर्षे दुबळे होत जाते.

शिकागोच्या आसपासच्या उपनगरांत घरे घेतलेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींच्या परसात असा एखादा प्रेअरीच्या काळचा ओक आयता आलेला असू शकतो. त्याचे वैरी वणवे नव्हेत. ते म्हणजे घरबांधणीच्या वेळी मुळांवरून फिरलेली जड यंत्रे, जमीन समतल करण्यासाठी खोडाशी लोटलेली फूटभर माती, आणि गवत हिरवे ठेवण्यासाठी रोज सुटणारे फवारे. झाड ताबडतोब तक्रार करीत नाही. पाच-सात वर्षांनी शेंडे वाळू लागतात, तेव्हा मालकाला त्या जुन्या मातीच्या ढिगाऱ्याची आठवणही उरलेली नसते. एरवी हा वृक्ष किती सोसतो, याचा दाखला मिसुरीतील मॅक्‌बेन या खेड्याजवळच्या सुमारे साडेतीनशे-चारशे वर्षांच्या प्रसिद्ध बर ओकने दिला: २०२० च्या ऑक्टोबरात त्यावर वीज पडली, पोकळ खोड आतून पेटले, अग्निशामक दलाने पाणी ओतले, आणि पुढल्या वसंतात त्याने पुन्हा पालवी धरली.

पेरलेल्या बियांपैकी जी रोपे तग धरतील, त्यांच्या जातीविषयी शेवटचा प्रश्न राहतोच. फळ कोणत्या झाडाखालून उचलले एवढे आपल्याला ठाऊक असते. परागकण वाऱ्याने येतात, तेव्हा आईविषयी ग्वाही देता येते, बापाविषयी नाही. कोवळी पाने सारंगीचा आकार धरत नाहीत, आणि फळ येण्यास ३५ वर्षांच्या आसपास थांबावे लागते. परंतु तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात, पाने झडून रोप नुसती काडी होऊन उभे असेल तेव्हा, तारेच्या कड्यातून हात आत घालून खालच्या डहाळीवर अंगठा फिरवावा. बुचाचा बारीक कंगोरा लागला, तर वहीत जातीपुढची शंका खोडून टाकण्यास हरकत नाही.